अल्किंडीचे दाणे की दहाची गोळी : सीएएच असलेल्या तान्ह्या बाळाच्या हायड्रोकॉर्टिसोनचं परीक्षण

साडेतीन किलो वजनाच्या, ५० सेंटिमीटर लांबीच्या बाळाच्या शरीराचं पृष्ठफळ सुमारे ०.२२ चौरस मीटर भरतं. जन्मजात अ‍ॅड्रिनल हायपरप्लेझिया, म्हणजे सीएएच, असलेल्या मुलांना हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे शरीरात न बनणाऱ्या कॉर्टिसोलची जागा घेणारं औषध, दर चौरस मीटरमागे दिवसाला १० ते १५ मिग्रॅ या हिशेबाने देतात. १२ चा दर धरला तर या बाळाला दिवसाला साधारण २.६ मिग्रॅ लागतं, आणि तीन वेळांत वाटलं तर एका वेळी ०.९ मिग्रॅ. पहिल्या काही आठवड्यांत डॉक्टर याहून जास्त देतात, तरीही एका वेळचा आकडा दीड-दोन मिग्रॅच्या आसपासच राहतो. आपल्याकडे औषधाच्या दुकानात सर्रास मिळते ती गोळी मात्र १० मिग्रॅची. म्हणजे एका गोळीचा दहावा-अकरावा भाग, दर आठ तासांनी, रोज, न चुकता. औषध तेच, रेणू तोच. बाळाच्या पोटात नेमकं किती जातं, एवढाच प्रश्न आहे, आणि त्याच कसोटीवर इथे ही गोळी आणि अल्किंडी नावाचे मोजलेल्या मापाचे दाणे असे दोन्ही पर्याय पाहिले आहेत.

आजाराबद्दल थोडं, कारण त्याशिवाय मापाचा हा आग्रह कळणार नाही. सीएएच असलेल्या १०० पैकी ९० हून जास्त मुलांत दोष सीवायपी२१ए२ या जनुकात असतो. आई-वडील दोघेही वाहक असतात, स्वतः ठणठणीत असतात, आणि प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. या जनुकामुळे बनणारं २१-हायड्रॉक्सिलेज हे विकर (एन्झाइम) नसल्याने अ‍ॅड्रिनल ग्रंथीत कॉर्टिसोल, म्हणजे आजारपणाचा ताण पेलायला लागणारं हार्मोन, बनत नाही, आणि मीठ धरून ठेवणारं अल्डोस्टेरॉनही बऱ्याचदा बनत नाही. मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी एसीटीएच हे हार्मोन पाठवून अ‍ॅड्रिनलला हाकत राहते, ग्रंथी फुगते, आणि अडून राहिलेला कच्चा माल पुरुषी हार्मोन्सच्या वाटेला लागतो. मुलगी असेल तर हे गर्भातच सुरू होतं. शिश्निका मोठी होते, भगोष्ठ जुळतात, कधी मूत्रमार्ग आणि योनी एकाच छिद्रातून उघडतात. आत गर्भाशय आणि अंडाशय जागच्या जागी असतात, गुणसूत्रं ४६ एक्सएक्स असतात. जन्मल्या जन्मल्या ‘मुलगा झाला’ असं सांगून मोकळं होण्याची घाई इथेच महागात पडते. जन्माची नोंद करायला २१ दिवस असतात, तेवढ्यात सोनोग्राफी, गुणसूत्रं आणि १७-ओएचपीचे (सीएएचमध्ये रक्तात साचणाऱ्या कच्च्या मालाचे) रिपोर्ट बहुधा हाती येतात. शस्त्रक्रियेचा निर्णय तर त्या २१ दिवसांत घेण्याची काहीच गरज नसते.

मुलगा असेल तर बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून तो घरी जातो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात उलट्या, वजन घटणं, दूध न ओढणं सुरू होतं. रक्तात सोडियम खाली, पोटॅशियम वर. जंतुसंसर्ग किंवा साधी उलटी-जुलाब समजून उपचार होतात आणि मूळ कारण हुकतं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने मुंबईसह पाच शहरांत लाखावर नवजात बाळांची तपासणी केली, त्यात ५,७६२ बाळांमागे एकाला सीएएच निघाला. टाचेतून रक्त घेऊन होणारी ही तपासणी जन्मानंतर ४८ ते ७२ तासांत करावी. महाराष्ट्रात ती प्रत्येक बाळाची होत नाही, म्हणून प्रसूतीआधीच दवाखान्यात विचारून ठेवणं बरं.

आता औषधाकडे.

अल्किंडी हे हायड्रोकॉर्टिसोनच आहे, फक्त तान्ह्या आणि लहान मुलांच्या मापात केलेलं. कार्डिफच्या डायर्नल कंपनीने ते तयार केलं, युरोपात २०१८ मध्ये मान्यता मिळाली, आणि अमेरिकेत २०२० पासून ते अल्किंडी स्प्रिंकल नावाने मिळतं. ०.५, १, २ आणि ५ मिग्रॅ अशा चार ताकदी, एका बाटलीत ५० कॅप्सूल, आणि प्रत्येक ताकदीच्या कॅप्सूलवर वेगळ्या रंगाची शाई. कॅप्सूल गिळायची नसते, ती फक्त डबी आहे. आत बारीक पांढरे दाणे असतात. प्रत्येक दाण्याच्या मधोमध सेल्युलोजचा निष्क्रिय गाभा, त्यावर औषधाचा थर, आणि त्यावर कडूपणा झाकणारा थर. हायड्रोकॉर्टिसोन जिभेला भयंकर कडू लागतं. चुरलेली गोळी बाळ जिभेने बाहेर ढकलतं त्याचं कारण हेच, आणि बाहेर ढकललेलं किती ते कुणालाच मोजता येत नाही. अल्किंडीचा खरा फायदा मापाइतकाच या वरच्या थरात आहे.

द्यायची पद्धत सोपी असली तरी तिला क्रम आहे. छापील अक्षरं वरच्या बाजूला येतील अशी कॅप्सूल धरायची, टिचकी मारून सगळे दाणे खाली आणायचे, तळाचा भाग हलकेच दाबायचा आणि वरचं टोपण पिळून काढायचं. हात कोरडे हवेत. कॅप्सूलचं तोंड बाळाच्या ओल्या ओठाला लागलं तर दाणे काठाला चिकटतात आणि अर्धा डोस तिथेच राहतो. दाणे थेट जिभेवर टाकायचे, किंवा कोरड्या चमच्यावर घेऊन तो चमचा जिभेवर मागच्या बाजूला उपडा करायचा. लगेच पाठोपाठ अंगावरचं दूध किंवा वरचं दूध. सहा महिन्यांनंतर चमचाभर गार दह्यावर किंवा कुस्करलेल्या केळ्यावर दाणे शिंपडून देता येतात, मात्र पाच मिनिटांच्या आत. जास्त वेळ ठेवलं तर वरचा थर विरघळतो, कडूपणा बाहेर येतो, आणि बाळाने एकदा तोंड फिरवलं की पुढचे चार डोसही अवघड होतात. गरम पेजेत तर मुळीच नको. शेवटी कॅप्सूलचे दोन्ही भाग उजेडात धरून पाहायचे, दाणे उरले असतील तर टिचकी मारून तेही द्यायचे.

हे दाणे बाटलीतल्या दुधात किंवा बोंडल्यातल्या पाण्यात टाकायचे नाहीत. दुधात तरंगतात, काठाला चिकटतात, आणि बाळाने अर्धंच दूध घेतलं तर अर्धाच डोस गेला. नाकातून नळी असलेल्या बाळाला नळीवाटे देता येत नाहीत, नळी तुंबते. अतिदक्षता विभागातून नळीसह घरी आलेल्या बाळासाठी ही मोठी अडचण आहे. पहिल्या दिवसांत पाण्यात मिसळलेली गोळीच चालवावी लागते.

शौचात कधी बारीक दाणे दिसतात. ते औषध न पचल्याचं लक्षण नव्हे. निष्क्रिय गाभा पचत नाही, तोच बाहेर पडतो. ते पाहून दुसरा डोस द्यायचा नाही.

बाटली ३० अंशांच्या आत ठेवायची, आणि उघडल्यापासून ६० दिवसांत संपवायची. रोज एक-एक मिग्रॅ तीन वेळा दिलं तर बाटली १६ दिवसांतच संपते, तिथे प्रश्न येत नाही. अडचण येते ती डोस वाढवण्यासाठी घेतलेल्या ०.५ च्या बाटलीची किंवा आजोळी ठेवलेल्या जादा बाटलीची. म्हणून उघडल्याची तारीख झाकणावर पेनाने लिहून ठेवावी. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात ३० अंशांची अट पाळणं सोपं नाही. घरातली सगळ्यात थंड, कोरडी जागा शोधावी आणि प्रवासात बाटली गाडीच्या डॅशबोर्डवर कधीही ठेवू नये.

आता या औषधाबद्दलची सगळ्यात महत्त्वाची सूचना. चुरलेल्या गोळीवरून अल्किंडीवर येताना काही मुलांना अ‍ॅड्रिनलचं संकट (कॉर्टिसोल अचानक अपुरं पडून जिवावर बेतणारी अवस्था) येऊ शकतं, असा इशारा ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी २०२१ मध्ये दिला. कारण विचार करण्यासारखं आहे. घरी गोळी चुरून ‘१ मिग्रॅ’ दिलं जातं असं कागदावर असतं, पण तुकडा मोठा आला किंवा मिश्रण तळातून ओढलं गेलं तर प्रत्यक्षात दीड जात असतं, आणि बाळ त्या दीडवर तगलेलं असतं. अल्किंडीतून मात्र मोजून एकच जातं. दोष नव्या औषधाचा नसतो, आधीच्या मापाचा असतो, पण त्रास बाळाला होतो. त्यामुळे बदलानंतरचा पहिला आठवडा बाळावर बारीक लक्ष ठेवायचं: सुस्ती, दूध कमी ओढणं, उलटी, हातपाय गार पडणं, ताप किंवा अंग नेहमीपेक्षा थंड. यातलं काहीही दिसलं तर वाढीव डोस आणि लगेच डॉक्टर. शुक्रवारी संध्याकाळी किंवा दिवाळीच्या सुट्टीत बदल करू नये, डॉक्टर हाताशी असतील तेव्हाच करावा.

आणि मिळण्याचं काय? इथल्या नेहमीच्या औषधाच्या दुकानात ते फळीवर मिळत नाही. लंडन, दुबई किंवा न्यू जर्सीहून बाळाला घेऊन घरी येणारी मराठी कुटुंबं सामानातून आणतात. औषध नियम १९४५ मधल्या नियम ३६ नुसार स्वतःच्या वापराचं औषध सामानातून आणताना एका औषधाचे जास्तीत जास्त १०० सरासरी डोस आणता येतात. तीन वेळांच्या हिशेबाने ते ३३ दिवस पुरतात, आणि मध्ये ताप आला की तेवढेही नाही. त्याहून जास्त किंवा टपालाने मागवायचं तर केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडे फॉर्म १२-ए भरून १२-बी परवाना घ्यावा लागतो, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. खर्च गोळीच्या कित्येक पट.

म्हणून आमचं मत स्पष्ट आहे. परदेशात राहणाऱ्या, विमा किंवा सरकारी योजनेतून अल्किंडी मिळणाऱ्या कुटुंबाने पहिली दोन-तीन वर्षं दुसरा विचार करू नये. महाराष्ट्रात राहणाऱ्या कुटुंबाने मात्र पुढच्या सहा महिन्यांचा पुरवठा पक्का असल्याशिवाय ते सुरूच करू नये. महिनाभर दाणे, मग गोळी, मग पाहुणे आले की पुन्हा दाणे, हा खेळ नीट मोजून दिलेल्या गोळीपेक्षा जास्त धोक्याचा आहे.

दहाची गोळी नीट मोजता येते का? येते, पण बोटांनी तोडून नाही. चार तुकडे केले तरी ते सारखे होत नाहीत आणि भुगा पडतो तो वेगळाच, दहा तुकड्यांचा तर प्रश्नच नाही. काही घरांत गुटीसारखी गोळी सहाणेवर उगाळून वेढ्यांनी मोजली जाते. वेखंडाला ते चालतं, या औषधाला अजिबात नाही.

त्यातल्या त्यात भरवशाची रीत सिरिंजची. सुई नसलेली १० मि.ली.ची सिरिंज घ्यायची, दट्ट्या काढून आत एक अख्खी गोळी टाकायची, दट्ट्या बसवून उकळून गार केलेलं पाणी बरोबर १० च्या खुणेपर्यंत ओढायचं, हवा आत राहिली असेल तर ती काढून पाणी पुन्हा खुणेपर्यंत आणायचं. टोक टोपणाने बंद करून गोळी पूर्ण फुटेपर्यंत थांबायचं. काही कंपन्यांची गोळी पटकन फुटते, काहींची हट्टी असते, ती आधी दोन चमच्यांमध्ये चुरून मग घालावी लागते. मग सिरिंज जोरात हलवायची आणि क्षणभरही न थांबता नको असलेला भाग बाहेर ढकलायचा. १ मि.ली. उरलं की ते १ मिग्रॅ. बाळाच्या गालाच्या आत हळूहळू सोडायचं, मग त्याच सिरिंजमध्ये थोडं पाणी ओढून तेही द्यायचं, कारण भुकटी सिरिंजच्या आतल्या बाजूला आणि टोकात राहते.

‘क्षणभरही न थांबता’ यावर जोर आहे, कारण हायड्रोकॉर्टिसोन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. १ मि.ली. पाण्यात जेमतेम ०.३ मिग्रॅ विरघळतं. म्हणजे १० मि.ली. पाण्यात १० मिग्रॅची गोळी टाकली तर सात मिग्रॅ घन कणांच्या रूपात तरंगत असतात आणि थांबलात की तळाशी बसतात. सिरिंज उभी ठेवून आई बाळाला उचलायला गेली, परत येऊन वरचा भाग ढकलला, तर खाली राहिलेल्या १ मि.ली.त कितीतरी जास्त औषध असतं. वाटीत ठेवून वरवरचं ओढलं तर उलट, फार कमी. उरलेलं मिश्रण दुपारच्या डोससाठी फ्रिजमध्ये ठेवणं याच कारणाने चूक. दर वेळी नवी गोळी, उरलेलं फेकून द्यायचं. गोळी स्वस्त आहे, ती वाया जाऊ द्यावी.

रुग्णालयाच्या औषध विभागातून किंवा केमिस्टकडून लॅक्टोज घालून पुड्या करून घेण्याची जुनी पद्धत अजून चालते. चांगल्या हातात ती उत्तम आहे. अट एकच, प्रत्येक पुडी वजन करून बांधलेली हवी, ढीग करून अंदाजाने वाटलेली नको. जर्मनीत मुलांसाठी बनवून घेतलेल्या हायड्रोकॉर्टिसोन कॅप्सूलची तपासणी झाली तेव्हा साधारण पाचपैकी एक बॅच निकषात बसली नव्हती, आणि त्या प्रशिक्षित औषधनिर्मात्यांनीच केलेल्या होत्या. कोकणातल्या पावसाळ्यात भुकटी ओल धरते आणि कागदाला चिकटते, म्हणून दहा-पंधरा दिवसांच्याच पुड्या करून हवाबंद बरणीत ठेवाव्यात.

पातळ औषधाची मागणी पालक वारंवार करतात. हायड्रोकॉर्टिसोनच्या सस्पेन्शनवर (औषधाचे न विरघळलेले कण तरंगत असलेल्या पातळ औषधावर) वाढत्या वयाच्या मुलांना ठेवू नये, अशी अंतःस्रावी तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट शिफारस आहे. कारण वर आलंच, औषध तळाशी बसतं आणि डोस असमान होतो. अमेरिकेत २०२५ मध्ये खिंडिवी नावाचं खरोखर विरघळलेलं द्रावण आलं, पण ते पाच वर्षांपुढच्या मुलांसाठी आहे. प्रेडनिसोलोनचं सिरप मोजायला सोपं आणि कुठेही मिळतं, पण ते जोरकस आणि लांब काळ टिकणारं स्टिरॉइड आहे, वाढत्या बाळाची उंची त्याने खुंटते. ‘स्टिरॉइडच आहे ना, मग हे चालेल’ असं म्हणून दुकानदाराने बदलून दिलं तर घेऊ नये. एफमोडी हे नावही कानावर येईल. ते हळूहळू सुटणारं हायड्रोकॉर्टिसोन आहे, बारा वर्षांपुढचं. तान्ह्याचा त्याच्याशी संबंध नाही.

अल्डोस्टेरॉन न बनल्याने मीठ गमावणाऱ्या बाळाला हायड्रोकॉर्टिसोन एकटं पुरत नाही. सोबत अल्डोस्टेरॉनचं काम करणारं फ्लुड्रोकॉर्टिसोन लागतं, गोळी १०० मायक्रोग्रॅमची. डोस ५० ते २०० मायक्रोग्रॅमच्या दरम्यान, म्हणजे अर्धी, एक, दीड, दोन गोळ्या, त्यामुळे इथे मापाची मारामारी नाही. दूध आणि वरच्या अन्नातून पुरेसं मीठ जात नाही, म्हणून पहिल्या वर्षी दिवसाला १ ते २ ग्रॅम मीठ दुधाच्या वेळांमध्ये वाटून देतात. सपाट भरलेल्या ५ मि.ली.च्या चमच्यात सुमारे ६ ग्रॅम मीठ बसतं, तेव्हा चिमटीने किंवा चमच्याने मोजू नये. खिशात मावणारा डिजिटल काटा घ्यावा किंवा केमिस्टकडून १ ग्रॅमच्या पुड्या बांधून घ्याव्यात. ‘लो सोडियम’ मीठ वापरायचं नाही. त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं, आणि या बाळांचं पोटॅशियम आधीच चढणारं असतं. त्याच कारणाने उलट्या झाल्या म्हणून शहाळ्याचं पाणी पाजू नये. त्यात सोडियम कमी आणि पोटॅशियम भरपूर असतं.

डोस कायमचा ठरत नाही. बाळ वाढलं की पृष्ठफळ वाढतं, म्हणून दीड वर्षापर्यंत निदान तीन महिन्यांनी वजन, लांबी, रक्तदाब, सोडियम-पोटॅशियम आणि हार्मोन्सची तपासणी हवी. डोस कमी पडला तर १७-ओएचपी आणि अँड्रोस्टेनेडायोन हे पुरुषी हार्मोन चढतात, हाडांचं वय पुढे धावतं. जास्त झाला तर चेहरा गोल होतो, वजन चढतं आणि लांबी थांबते. मागच्या तीन भेटींत लांबी वाढली नाही आणि बाळ मात्र गुटगुटीत दिसतंय, तर त्याचं कौतुक करण्याआधी डोस तपासावा.

आजारपणात दाणे असोत की गोळी, नियम एकच. ताप ३८ अंशांवर गेला की दुप्पट, ३९ वर गेला की तिप्पट, असं वेळापत्रक बहुतेक डॉक्टर लिहून देतात. तुमच्या बाळाचं वेळापत्रक लेखी घ्या आणि फ्रिजवर चिकटवा. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लसींनंतर ताप येतो, त्या रात्रीची तयारी आधीच करून ठेवा. पॅरासिटामॉलने ताप उतरला तरी वाढीव डोस त्या दिवशी चालू ठेवायचा. डोस दिल्यावर अर्ध्या तासात उलटी झाली तर तो परत द्यायचा. पुन्हा उलटी झाली तर तोंडाने देण्याचा नाद सोडायचा आणि इंजेक्शन काढायचं. त्या क्षणी अल्किंडीचाही उपयोग नाही.

इंजेक्शन म्हणजे हायड्रोकॉर्टिसोन सोडियम सक्सिनेटची १०० मिग्रॅची कुपी. लेबलवर ‘अ‍ॅसिटेट’ लिहिलं असेल तर ती वेगळी, सांध्यात देण्याची, या कामाची नाही. कुपीत २ मि.ली. इंजेक्शनचं पाणी घालून भुकटी पूर्ण विरघळेपर्यंत हलवायचं. एक वर्षाच्या आतल्या बाळाला २५ मिग्रॅ, म्हणजे ०.५ मि.ली., मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. ते दिलं की थेट रुग्णालय, कारण बाळाला सलाइन आणि साखर लागते. किटमध्ये दोन कुप्या, पाण्याच्या दोन अँप्यूल, २ मि.ली.च्या आणि १ मि.ली.च्या सुईसह सिरिंज, कापूस, आणि मराठी व इंग्रजीत लिहिलेलं डॉक्टरांचं पत्र ठेवावं. पत्रात आजाराचं नाव, रोजचा डोस, इंजेक्शनचा डोस आणि ‘थांबू नका, आधी इंजेक्शन द्या’ हे वाक्य ठळक हवं. रात्री दोन वाजता तालुक्याच्या दवाखान्यातल्या ड्युटीवरच्या डॉक्टरांनी सीएएचचं बाळ आधी कधी पाहिलेलं नसण्याची शक्यताच जास्त. कुप्यांची मुदत दर तीन महिन्यांच्या भेटीला तपासा, आणि मुदत संपलेली कुपी फेकण्याआधी तिच्यावर पाणी मिसळण्याचा सराव आई, बाबा आणि आजी तिघांनीही करून घ्या.